अण्णांचे १७८ दिवस

“अण्णा, बाकीची सगळी वर्षं बसतात. चौदा-पंधराचं तेवढं बसत नाही. १७८ दिवसच भरतात.”

मे २०२३. बाहेर सोलापूरचं ऊन, आत चोवीस मागांची खटखट, आणि मामाच्या काचेच्या केबिनमध्ये लॅपटॉप मांडून बसलेली मी. समोर अण्णा उभे. खुर्ची होती, पण मालकाच्या केबिनमध्ये ते कधी बसत नाहीत. मी आकडा सांगितला, वर लॅपटॉपही त्यांच्याकडं वळवला, म्हणजे त्यांनी स्वतःच बघावं. आकडा साफ चुकीचा होता. पण तो काढायला मी इतकी घासले होते की तो चुकला असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

प्रकरण ग्रॅच्युइटीचं. मामाचा कारखाना अक्कलकोट रोड एमआयडीसीत, चादरी आणि टॉवेलचा. अण्णा तिथं जून २०११ मध्ये लागले आणि मार्च २०२३ मध्ये गुडघ्यांनी साथ सोडली म्हणून थांबले. तेव्हा लागू असलेल्या १९७२ च्या कायद्याप्रमाणं पाच वर्षांच्या वर नोकरी झाली की प्रत्येक वर्षामागं पंधरा दिवसांची मजुरी द्यायची, आणि शेवटचा तुकडा सहा महिन्यांहून मोठा असला की तो पूर्ण वर्ष धरायचा. म्हणजे अण्णांची बारा वर्षं. फक्त त्या-त्या वर्षात माणसाचे २४० दिवस भरलेले पाहिजेत. मामा पैसे बुडवणारा माणूस नाही, पण उदारही नाही. “देणार. पण कागद बोलेल तेवढंच देणार,” म्हणाला. मी नव्या पेठेत एका कर सल्लागाराकडं हिशेबाचं काम करते, त्यामुळं कागदाला बोलतं करायचं काम भाचीच्या गळ्यात.

आणि कागद म्हणजे तरी काय? नानांच्या नोटपॅडच्या फायली. नाना म्हणजे कारखान्याचे जुने हिशेबनीस. त्यांना एक्सेलच्या चौकटी कधी आवडल्या नाहीत. रोज संध्याकाळी ते साध्या नोटपॅडमध्ये मागाला एक ओळ लिहायचे: तारीख, माग नंबर, विणकराचं आडनाव आणि आद्याक्षर, माल, नग, मजुरी. मध्ये स्वल्पविराम. महिन्याला एक फाइल. जून २०११ ते मार्च २०२३ अशा १४२ फायली पेनड्राइव्हवर माझ्या हातात आल्या. एप्रिल २०२० ची फाइल उघडली तर आत एकच ओळ होती: लॉकडाऊन. (ते वर्ष मामानं न मोजताच धरलं. “त्यात काय मोजायचं,” एवढंच म्हणाला.)

१४२ फायली एकेक उघडून बोटानं मोजायच्या म्हटलं तर दिवाळी आली असती. कॉलेजात एका सत्रात लिनक्सचं प्रॅक्टिकल होतं, तेवढ्या शिदोरीवर जुन्या लॅपटॉपवर उबुंटू हा लिनक्सचाच एक प्रकार टाकला आणि टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची काळी खिडकी, उघडली. आज्ञा मी इथं देवनागरीत लिहिते आहे, टर्मिनलला त्या अर्थातच इंग्रजीत द्याव्या लागतात.

पहिली आज्ञा ग्रेप. फायलींमध्ये एखादा शब्द शोधायचा आणि तो असलेल्या ओळी दाखवायच्या, एवढंच त्याचं काम. ‘सी’ हा पर्याय लावला की ओळी दाखवत नाही, मोजून आकडा देतो. अण्णांचं खरं नाव देत नाही, येमूल म्हणू. सोलापुरात पूर्व भागात दगड भिरकावला तर तो एखाद्या येमूलांच्याच अंगणात पडेल, त्यामुळं कोणाचं काही उघड होत नाही. तर मी २०१२-१३ या वर्षात “येमूल न.” किती वेळा येतं ते विचारलं. उत्तर आलं १,०९७.

मामा मागं उभा होता. “वर्षात हजार दिवस? मग तीन वर्षांचा पगारच देऊन टाकू की एकदम,” म्हणाला आणि चहा सांगायला गेला.

त्या १,०९७ मध्ये दोन घोटाळे होते. पहिला टिंबाचा. ग्रेपच्या भाषेत टिंब म्हणजे ‘कोणतंही एक अक्षर’. कारखान्यात दोन येमूल: आमचे “येमूल न.” आणि दुसरे “येमूल ना.”. आता ‘ना’ हे आपल्याला एक अक्षर दिसतं, पण कॉम्प्युटरच्या लेखी ते ‘न’ आणि वर वेगळा काना अशी दोन चिन्हं आहेत. माझ्या टिंबानं तो काना गिळला आणि दुसरे येमूल बिनतक्रार आत आले. टिंबाच्या आधी उलटी तिरकी रेघ दिली, म्हणजे ‘हे टिंब टिंबच समज’, तर आकडा ५५७ वर आला. दुसरा घोटाळा समजायला कारखान्यात बसून असल्याचा फायदा झाला. एक विणकर दोन माग चालवतो. अण्णांचे सात आणि आठ. म्हणजे एका दिवसाच्या दोन ओळी, आणि ग्रेप ओळी मोजतो, दिवस नाही. मग कटनं फक्त तारखेचा रकाना कापून घेतला आणि तो सॉर्टकडं दिला, ‘यू’ पर्याय लावून, म्हणजे एक तारीख एकदाच येईल. २८१. हा आकडा माणसाचा वाटत होता.

याच झटक्यात मी एक मूर्खपणाही केला. सॉर्ट करून झालेलं त्याच नावाच्या फाइलीत साठव असं सांगितलं. साठवण्यासाठी दिलेलं ‘पेक्षा मोठं’चं चिन्ह (>) दिसताच शेल, म्हणजे टर्मिनलमधल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम, आधी ती फाइल रिकामी करतं आणि मग सॉर्टला हाक मारतं. सॉर्ट बिचारा रिकामी फाइल इमानदारीत लावून देतो. पुढच्या क्षणी एप्रिल २०१८ शून्य बाइटांचा. मूळ प्रत मामाच्या कॉम्प्युटरवर होती म्हणून निभावलं. त्यानंतर आधी सगळ्याची एक नक्कल केली आणि पेनड्राइव्ह कपाटात ठेवला.

मग शेवटच्या वर्षापासून मागं येत वर्षं एकेक करून काढली. २०१६-१७ ला येऊन अडकले: २३१. नऊ दिवस कमी. इथं मात्र मला शंका आली, कारण त्या पावसाळ्यात नानांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि दीड-दोन महिने रजिस्टर मामेभावानं भरलं होतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. त्याचं शुद्धलेखन मला शाळेपासून माहीत आहे.

त्यासाठी एक साखळी लावली. ही साखळी मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात आवडली. त्या वर्षाच्या फायलींतून तिसरा रकाना, म्हणजे नावं, कापून घ्यायची. ती सॉर्टकडं द्यायची, म्हणजे सारखी नावं शेजारी-शेजारी येतील. मग युनिककडं, ‘सी’ लावून, तो शेजारच्या सारख्या ओळी एकत्र करून पुढं संख्या लिहितो. (शेजारच्याच. आधी सॉर्ट केलं नाही तर युनिकला लांबचा भाऊ ओळखू येत नाही.) आणि शेवटी पुन्हा सॉर्ट, मोठी संख्या वर. चार चिमुकली हत्यारं, प्रत्येकाला एकच काम येतं, आणि मध्ये उभी दांडी. एकाचं आउटपुट दुसऱ्याच्या तोंडात. कांडी भरणारी बाई, ताणा करणारा, विणणारा, शिवणारा: कारखान्यात वाढलेल्या मुलीला यात नवीन वाटण्यासारखं काही नव्हतं.

कामगार बारा. यादीत नावं निघाली एकतीस.

वर भरघोस आकड्यांची नानांच्या हातची नावं, आणि खाली आठ, पाच, दोन अशा आकड्यांचा भाऊरावांचा बाजार. येमुल, एमूल, यमूल. एक “येमूल न” टिंबाशिवाय. एकाच्या शेवटी मोकळी जागा, जी दिसत नाही पण मोजली जाते. आणि सगळ्यात वात आणला तो “कुऱ्हाडे” यांनी. यादीत हे आडनाव दोनदा, अगदी एकासारखं एक. डोळे फाडून बघितलं तरी फरक दिसेना. बाइट, म्हणजे अक्षरांमागचे कॉम्प्युटरचे आकडे, छापून बघितले तेव्हा कळलं. नानांच्या कीबोर्डवर तो खास मराठी अर्धा र आहे, ‘ऱ’ या वेगळ्या चिन्हापासून बनणारा. भावानं साधा र, हलन्त आणि त्यामागं एक अदृश्य जोडचिन्ह टाकलं होतं. कागदावर दोन्ही एकच. ग्रेपसाठी दोन निराळी माणसं.

येमूलांसाठी मी एक साचा केला: [यए]े*म[ुू]ल. चौकोनी कंसातलं कोणतंही एक चालेल, आणि मात्रेपुढचा तारा म्हणजे ती मात्रा असो वा नसो. कंसात नुसता उकार लिहिला की तो बिचारा ठिपक्यांच्या गोलावर लोंबकळतो, अक्षर नाही तर बसणार कुठं. टर्मिनलमध्ये तर वेलांट्या आणि मात्रा अशा विस्कटतात की आपण लिहिलेलं आपल्यालाच वाचता येत नाही. पण साचा लागला. २३१ चे २६८ झाले.

माझी कॉलर ताठ झाली. आता नावाची सगळी रूपं माझ्या जाळ्यात होती. याच साच्यानं सगळी वर्षं पुन्हा काढली. सगळी बसली. २०१४-१५ नाही बसलं. १७८. शुद्धलेखनाच्या चुका धरूनही १७८, म्हणजे आता शंकेला जागा नाही. हीच माझी समजूत, आणि हीच घेऊन मी अण्णांना बोलावलं.

अण्णा भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं. कपाळावरचा घाम उपरण्यानं पुसत म्हणाले, “चौदा साली? त्या साली तर मी गावालाबी गेलो नव्हतो ताई. पोरीचं लग्न पंधराच्या मेमधी झालं. पैसा लागत होता, ताप असला तरी येत होतो.” मग थोडं थांबून, स्वतःशीच बोलल्यासारखं, “कुठं गेलतो मग मी?”

“रजिस्टरमध्ये नाव नाही, अण्णा.”

“बगा की परत एकदा.”

बाहेर जाताना ते सात नंबरच्या मागापाशी उभे राहिले. आता तिथं दुसरा पोरगा असतो. त्याच्या ताण्याकडं बघितलं, एक सुटलेला धागा दाखवला आणि गेले.

रात्री जेवण गेलं नाही असं काही नाटकी झालं नाही. जेवण गेलं. पण भाकरीवर शेंगाचटणी घेता घेता “कुठं गेलतो मी” हे डोक्यात फिरत राहिलं. आणि एकदम लक्षात आलं की मी त्यांना “नाव नाही” असं सांगितलं, पण ग्रेपनं मला तसं कुठं सांगितलं होतं? ग्रेप काहीच बोलला नव्हता. सापडलं की तो दाखवतो, नाही सापडलं की गप्प बसतो. त्या गप्पपणाचा अर्थ मी लावला होता.

लॅपटॉप पुन्हा उघडला. या वेळी वर्षाची बेरीज न घेता महिन्याचे आकडे वेगळे मागितले. जून, जुलै, ऑगस्ट ठीक. सप्टेंबर शून्य. ऑक्टोबर शून्य. नोव्हेंबर, डिसेंबर शून्य. जानेवारीपासून पुन्हा सुरळीत. चार महिने सलग? मग गंमत म्हणून दुसऱ्या येमूलांचं नाव टाकलं. त्याच चार महिन्यांत शून्य. कुऱ्हाडे, शून्य. शेवटी नुसतं “टॉवेल” शोधलं. शून्य. दिवाळीच्या तोंडावर सोलापूरच्या कारखान्यात चार महिने एक टॉवेल निघाला नाही! हे दुपारीच बघितलं असतं तर. पण दुपारी मी एकाच माणसाच्या मागं होते.

फाइल माऊसनं उघडली, तर सगळं जागच्या जागी. टॉवेल आहेत, चादरी आहेत, सात नंबरपुढं “येमूल न.” रोज हजर आहेत. डोळ्यांना दिसतं आणि ग्रेपला दिसत नाही.

शेवटी फायलींची यादी आकारासकट काढली, आणि तिथं सुगावा लागला. पूर्ण महिन्याची फाइल साधारण ५३-५४ हजार बाइटांची. या चार मात्र ४४-४५ हजारांच्या आसपास, ओळी तेवढ्याच असून. म्हणजे मजकूर तोच, पण आत भरलाय निराळ्या पद्धतीनं. ‘फाइल’ नावाचीच एक आज्ञा आहे, ती फाइलीची जात सांगते. बाकीच्यांना ती यूटीएफ-८ म्हणाली. या चौघींना यूटीएफ-१६.

हे जरा सोडवून सांगते, कारण मी एवढी वर्षं मराठी टाइप करते आणि मला हे माहीत नव्हतं. “सोलापूर” या शब्दात आपल्याला चार अक्षरं दिसतात. युनिकोडच्या, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला नंबर देणाऱ्या यादीच्या, हिशेबानं ती सात चिन्हं आहेत: स, ओकार, ल, काना, प, ऊकार, र. ती चिन्हं साठवायच्या पद्धती निराळ्या: यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे सोलापूरला एकवीस. यूटीएफ-१६ मध्ये दोन-दोन, म्हणजे चौदा. (स्वल्पविराम आणि मोकळी जागा मात्र उलट तिथं महाग पडतात, एकाऐवजी दोन, म्हणून फाइल अगदी दोन तृतीयांश होत नाही.) मी शोधत होते ते एका मापाचं येमूल, फाइलीत होतं दुसऱ्या मापाचं. ग्रेप बाइट जुळवतो. जुळले नाहीत, गप्प बसला. त्याच्या बाजूनं त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

त्या रात्री उशिरापर्यंत वाचत बसले. ग्रेप १९७३ चा, अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेतल्या केन थॉम्पसनचा. मजकूर लिहायच्या-सुधारायच्या ‘एड’ नावाच्या जुन्या प्रोग्राममध्ये ‘सगळीकडं हा साचा शोध आणि छाप’ अशी जी आज्ञा होती, तिच्याच आद्याक्षरांवरून हे नाव. ली मॅकमहन नावाचे त्यांचे सहकारी अमेरिकेतल्या १७८७-८८ च्या फेडरलिस्ट निबंधांवर काम करत होते. त्यातले काही निबंध नेमके कोणाचे यावर वाद होता. मजकूर इतका मोठा की ‘एड’मध्ये मावेना, म्हणून थॉम्पसननं त्यातला शोधायचा भाग सुटा काढून दिला. म्हणजे या हत्याराच्या जन्माच्या वेळचा प्रश्नही ‘हे कोणाच्या नावावर धरायचं’ हाच. आणि कमाल अशी, की यूटीएफ-८ ची रचनाही याच थॉम्पसनची, रॉब पाइकबरोबर केलेली, १९९२ मध्ये न्यू जर्सीच्या एका खानावळीत ताटाखालच्या कागदावर. एकाच माणसानं शोधणारं हत्यारही दिलं आणि जगातल्या लिप्या त्या हत्याराला दिसतील अशी सोयही केली. अण्णांचे चार महिने नेमके त्या सोयीच्या बाहेर पडले.

उपाय अगदीच फुसका निघाला. आयकॉन्व्ह ही आज्ञा, या मापातून त्या मापात. चार फायली, अर्धा सेकंद. पुन्हा मोजलं: सप्टेंबर २६, ऑक्टोबर २२, नोव्हेंबर २५, डिसेंबर २६. १७८ अधिक ९९, २७७.

सकाळी मामाला फोन करायच्या आधी मी नानांकडं गेले, कन्ना चौकाच्या मागं. दोष काढायला नव्हे. ते चारच महिने का, हे कळल्याशिवाय मला बाकीच्या १३८ फायलींवरही विश्वास ठेवता येईना.

नानांना सगळं लख्ख आठवत होतं. “त्या गणपतीत कॉम्प्युटर बसला की. विसर्जनानंतर नवीन आला.” त्यांची पद्धत अशी: नवीन महिन्याला कोरी फाइल घ्यायची नाही. मागच्या महिन्याची उघडायची, आतलं पुसायचं आणि नवीन नावानं साठवायची. त्यामुळं पहिल्या फाइलीचं जे माप, तेच पुढं वारशानं येत गेलं. नवीन मशीनवर मागची फाइल नव्हती, म्हणून सप्टेंबरला कोऱ्या पानावर सुरुवात. साठवायला गेले तर नोटपॅडनं इशारा दिला की असं साठवलंत तर अक्षरं जातील. खाली निवडायला यादी.

“तेव्हा जो तो सांगायचा, मराठी युनिकोडमध्ये करा, युनिकोडमध्ये करा. मी यादी बघितली. त्यात एका ठिकाणी स्पष्ट ‘युनिकोड’ लिहिलं होतं. तेच घेतलं. माझं चुकलं काय?”

काहीच नाही. त्या काळच्या नोटपॅडमध्ये ‘युनिकोड’ असं लिहिलेला पर्याय म्हणजे यूटीएफ-१६ होता, आणि यूटीएफ-८ खाली निराळं. ज्यानं सांगितलेलं नीट ऐकलं, तोच फसला.

“आणि जानेवारीत कसं सुधारलं?”

“सुधारलं कुठं? जानेवारीच्या फाइलीत वरती वर्षाच्या सुट्ट्या असतात. गड्ड्याची जत्रा, मार्कंडेयाचा रथ, सगळं. ते पुन्हा कोण लिहिणार? म्हणून दरसाल मागच्या जानेवारीचीच फाइल घेतो. ती पेनड्राइव्हवर होती.” म्हणजे गड्ड्याच्या सुट्टीनं फायली पुन्हा रुळावर आणल्या. मला हसू आवरेना. नानांना त्यात हसण्यासारखं काय ते कळलं नाही, त्यांनी पोह्यांची बशी पुढं सरकवली.

राहिली रक्कम. नगावर मजुरी असेल तर शेवटच्या तीन महिन्यांच्या कमाईवरून दिवसाची मजुरी काढायची. जानेवारी ते मार्च २०२३, सहावा रकाना, अण्णांच्या ओळी. बेरजेला ऑक. ऑकला रकाने कळतात आणि गणितही येतं. उत्तर आलं: शून्य.

या वेळी शून्य बघून मी घाबरले नाही, आता शून्याची ओळख झाली होती. नाना आकडेही मराठीत लिहितात, आणि ऑकला २५५ हा मराठी आकडा म्हणजे नुसती अक्षरं. अक्षरांची किंमत शून्य. मग आधी मराठी आकडे इंग्रजी करू म्हटलं आणि टीआरला सांगितलं, या दहांच्या जागी ते दहा घाल. टीआर हे चिन्हाला चिन्ह बदलणारं हत्यार आहे अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात माझ्याकडचा टीआर बाइटला बाइट बदलतो. देवनागरीतल्या झाडून सगळ्या चिन्हांचा पहिला बाइट एकच असतो. आकड्यांचाही, अक्षरांचाही. त्या सामाईक बाइटाचा त्यानं नऊ केला, आणि फाइलभर नऊच नऊ. येमूल नऊ, टॉवेल नऊ, मधूनमधून प्रश्नचिन्हांचे काळे चौकोन. मामाला दाखवलं असतं तर अण्णांना कारखानाच लिहून द्यावा लागला असता.

सेड या मजकूर बदलणाऱ्या हत्यारात ‘वाय’ नावाची आज्ञा आहे, ती पूर्ण चिन्ह ओळखून बदलते. तिनं काम केलं. ७८ दिवस, एकूण मजुरी ३९,७८०, म्हणजे दिवसाला ५१०. गुणिले पंधरा, गुणिले बारा: ९१,८००. माझ्या आधीच्या शहाणपणानं त्यातले ७,६५० गेले होते. कागदावर हातानं दोनदा गुणाकार करून बघितला आणि मग मामासमोर ठेवला. मामानं चौदा-पंधराची ओळ वाचली, माझ्याकडं बघितलं, “काल तर १७८ होते,” म्हणाला.

“काल माझं चुकलं होतं.”

“अण्णाला तूच सांग.”

अण्णा दुसऱ्या दिवशी आले, जुन्या विडी घरकुलातून दोन रिक्षा बदलून. मी उठून उभी राहिले आणि काय झालं ते सांगितलं. बाइट-बिइट नाही. एवढंच, की नाव होतं, मला नीट शोधता आलं नव्हतं. त्यांनी मान हलवली. चेकचं पाकीट न उघडता खिशात ठेवलं. मग म्हणाले, “ते चौदा साल दाखवा की जरा.”

मी ऑक्टोबरची फाइल उघडली, फक्त सात नंबरच्या ओळी काढल्या आणि अक्षरं मोठी केली. या वेळी ते खुर्चीवर बसले. बोट स्क्रीनला न लावता, जरा अलीकडं धरून खाली खाली नेत गेले. अठ्ठेचाळीस, अठ्ठेचाळीस, सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस. २९ तारखेला बोट थांबलं. तिथं नग अकरा.

“हे अकरा का?” मी विचारलं.

“धोटा उडाला त्या दिवशी. जॉबरच्या कपाळाला लागला, इथं.” त्यांनी स्वतःच्या डाव्या भुवईवर बोट ठेवलं. “नाना त्याला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेले. माग तसाच बंद. नाना संध्याकाळी आले, शर्टाला रक्त तसंच, आणि आधी रजिस्टर उघडलं. म्हणाले, सातवर किती झाले रे? मीच सांगितलं, अकरा.”